वकिलाच्या केसाला धक्का नको

एप्रिल-मे २०२५ मध्ये रेडिओवर आणि टीव्हीवर एक शब्द सारखा कानावर पडत होता : 'अवांछित व्यक्ती'. भारताने पाकिस्तानच्या वकिलातीतील अमुक अधिकाऱ्याला अवांछित ठरवले, चोवीस तासांत देश सोडायला सांगितले. लगेच दुसऱ्या बाजूने तेवढ्याच माणसांना तेवढ्याच मुदतीत निघायला सांगितले. इंदापूर भागातील एका वाचकांनी विचारले आहे की, त्या अधिकाऱ्याने गुन्हा केला असेल तर त्याला धरून कोर्टात का उभे करत नाहीत? आणि गुन्हा केला नसेल तर हाकलतात कशाला? शिवाय एकाने एक काढला की दुसऱ्याने एक काढायचा, हा बांधावरच्या भाऊबंदकीसारखा प्रकार देशादेशांत चालतो तरी कसा?

प्रश्न रास्त आहे, म्हणून आजचे पान त्याच्यासाठी ठेवले आहे. उसाची लागण, डाळिंबाचा बहार हे पुढच्या वेळी.

आज वकील म्हटले की आपल्याला काळा कोट आणि बारामतीचे कोर्ट आठवते. पेशवाईत हा शब्द वेगळा होता. एका दरबाराचा माणूस दुसऱ्या दरबारी कायमचा राहायचा, तिथले बोलणे इकडे आणि इकडचे तिकडे पोचवायचा, तो वकील. म्हणून परक्या देशाच्या कचेरीला आपण अजून वकिलात म्हणतो. या माणसाला एक मोठे अभय असे. त्याने आणलेला निरोप कितीही झोंबणारा असो, त्याच्या केसाला धक्का लावायचा नाही. कारण उघड आहे. तुमचा माणूस त्यांच्या दारात, त्यांचा माणूस तुमच्या दारात. एकाने हात उचलला की दुसऱ्याचाही उठणार, मग निरोप न्यायला कोण तयार होईल?

हे अभय मोडले की काय होते याचा आपल्या मुलखातला दाखला द्यायचा तर पालखीच्याच वाटेने जायला हवे. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला नदी ओलांडते आणि पुढे पंढरपुरास जाते, हे तुम्हाला सांगायला नको. त्याच पंढरपुरात जुलै १८१५ मध्ये, आषाढी यात्रेच्या सुमारास, गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. शास्त्रीबोवा बडोद्याच्या गायकवाडांचे वकील. गायकवाड आणि पेशवे यांच्यातील जुन्या येण्यादेण्याचा हिशेब आणि अहमदाबादच्या इजाऱ्याचा तंटा मिटवायला ते पुण्यास आले होते. येताना त्यांनी इंग्रजांकडून जिवाची हमी घेतली होती. दुसऱ्या बाजीरावाने त्यांना पंढरीच्या यात्रेस आपल्याबरोबर नेले. रात्री देवळातून परत येत असता मारेकऱ्यांनी त्यांना रस्त्यातच तोडले.

संशय आला त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर, म्हणजे पेशव्यांच्या सर्वात जवळच्या माणसावर. स्वतः बाजीरावाला किती ठाऊक होते, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. पण वकिलाची हमी इंग्रजांची होती, आणि इंग्रजांचा पुण्यातील वकील एल्फिन्स्टन याने ती पुरेपूर वसूल केली. त्रिंबकजीला आमच्या ताब्यात द्या, असा त्याने तगादा लावला. बाजीरावाने टाळाटाळ करून अखेर दिले. त्रिंबकजीला ठाण्याच्या किल्ल्यात कोंडले. १८१६ मध्ये तो तिथून निसटला. १८१७ च्या जूनमध्ये पेशव्यांच्या गळ्यात नवा आणि अपमानाचा तह पडला. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, पुण्यातल्या संगमावरचा इंग्रज वकिलाचा बंगला जळाला आणि पुढच्या वर्षी पेशवाई संपली. इंग्रजांना राज्य घ्यायचेच होते, त्यांनी दुसरे काही निमित्त शोधले असते, हे मान्य. पण निमित्त आपणच हाती द्यावे आणि तेही विठोबाच्या दारात, याची चुटपूट वाचताना लागल्याशिवाय राहत नाही.

आता वाचकांच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. वकिलाला हात लावायचा नाही ही पूर्वी रीत होती. १९६१ साली व्हिएन्ना शहरात देशांनी मिळून तिचा लेखी करार केला. परदेशी राजदूताला आणि त्याच्या हाताखालच्या राजनैतिक अधिकाऱ्यांना अटक करता येत नाही, वकिलातीच्या आवारात परवानगीशिवाय पोलीस शिरू शकत नाहीत. मग यजमान देशाच्या हाती काय उरते? एकच : 'हा माणूस आम्हाला नको, परत न्या' असे सांगणे. कारण देण्याचीही सक्ती नाही. त्या करारातील 'अवांछित व्यक्ती' ती हीच. पाहुण्याला मारायचे नाही, पण त्याचे ताट उचलायला मोकळीक आहे, असा हा प्रकार.

यात एक मेख आहे. शहराशहरांत ज्या वाणिज्य वकिलाती असतात, म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, व्यापार पाहणाऱ्या कचेऱ्या, त्यांच्यासाठी १९६३ सालचा निराळा करार आहे. तिथल्या अधिकाऱ्यांचे संरक्षण पातळ असते. सरकारी कामापुरते त्यांना अभय. बाकी बाबतीत गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल आणि न्यायाधीशाचा हुकूम असेल तर अटकही होऊ शकते. ही मेख एका मराठी बाईंच्या वाट्याला आली आणि तिच्यावरून भारत-अमेरिका या दोन मित्रदेशांत महिनाभर चांगलेच वाजले.

डॉ. देवयानी खोब्रागडे हे नाव तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. वडील उत्तम खोब्रागडे महाराष्ट्रात सनदी अधिकारी होते. मुंबईच्या बेस्टचे ते प्रमुख होते. मुलगी डॉक्टर झाली, मग परराष्ट्र सेवेत गेली आणि न्यूयॉर्कच्या आपल्या वाणिज्य वकिलातीत उपमहावाणिज्यदूत झाली. १२ डिसेंबर २०१३ रोजी मुलींना शाळेत सोडून निघाल्यावर रस्त्यातच त्यांना अटक झाली. कोठडीत कपडे उतरवून झडती घेतली गेली. अडीच लाख डॉलरच्या जामिनावर त्याच दिवशी सुटका झाली. आरोप असा की, घरकामासाठी भारतातून आणलेल्या बाईच्या व्हिसाच्या कागदात तासाला पावणेदहा डॉलर पगार लिहिला आणि प्रत्यक्षात दुसरा करार करून महिना तीस हजार रुपये ठरवले. म्हणजे सरकारी वकिलांच्या हिशेबाने तासाला सव्वातीन डॉलरच्या आसपास.

दिल्लीत संताप झाला, तो मुख्यतः त्या झडतीमुळे. आणि मग सुरू झाले 'जशास तसे'. १७ डिसेंबरला दिल्लीतील अमेरिकन वकिलातीसमोरचे, रस्ता अडवणारे काँक्रीटचे अडथळे जेसीबी लावून हलवले. अमेरिकन वाणिज्य अधिकाऱ्यांची ओळखपत्रे परत मागितली, विमानतळाचे पास काढून घेतले. वकिलातीसाठी येणारी दारू आणि इतर माल सोडवून देणे थांबवले. वकिलातीच्या क्लबात बाहेरच्यांसाठी चालणारे धंदे बंद करा, असे बजावले. वकिलातीच्या मोटारींनी वाहतुकीचे नियम मोडले तर नोटीस. आणि सर्वात बोचरे म्हणजे : तुमच्या अधिकाऱ्यांकडे घरकामाला जी भारतीय माणसे आहेत त्यांना तुम्ही काय पगार देता, त्याचे कागद दाखवा. भारतात आलेल्या अमेरिकन संसद सदस्यांना भेटायला आपले नेते तयार होईनात. तिकडून परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांनी फोन करून खेद कळवला, पण खटला मागे घेणे त्यांच्या हातात नाही असेच उत्तर येत राहिले. खटला चालवणारे सरकारी वकील प्रीत भरारा हे जन्माने पंजाबी, हा आणखी एक योगायोग.

तोड कशी निघाली ते पाहण्यासारखे आहे. भारताने खोब्रागडे यांची बदली न्यूयॉर्कमध्येच, पण संयुक्त राष्ट्रांतील आपल्या कायम कचेरीत केली. त्या कचेरीला राजदूतासारखे पूर्ण संरक्षण असते. ८ जानेवारी २०१४ ला अमेरिकेने ती बदली मान्य केली. ९ तारखेला आरोपपत्र दाखल झाले. त्याच रात्री त्या विमानात बसल्या आणि १० तारखेला दिल्लीत उतरल्या. त्याच दिवशी भारताने दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीतील तेवढ्याच दर्जाचा एक अधिकारी परत न्यायला लावला. मार्च २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने पहिले आरोपपत्र संरक्षणाच्या मुद्द्यावर रद्द केले, आणि दोनच दिवसांनी सरकारी वकिलांनी नवे दाखल केले.

तेव्हा गावोगाव, पारापारावर एकच सूर होता : आपल्या लेकीचा अपमान झाला, सरकारने बरी अद्दल घडवली. अपमान झाला यात शंका नाही. दुसऱ्या देशाच्या अधिकारी बाईला, जी पळून जाणार नाही हे ठाऊक आहे तिला, चोरासारखी वागणूक द्यायची काही गरज नव्हती. पण त्या गदारोळात दुसरी एक बाई पार विसरली गेली, जी घरकामाला गेली होती. तीही भारताचीच होती. तिच्या घरच्यांवर दबाव येतो असे अमेरिकेचे म्हणणे होते आणि म्हणून अटकेच्या एक-दोन दिवस आधी त्यांनी तिच्या नवऱ्याला आणि मुलांना विमानाने तिकडे नेले. भारताला तेही झोंबले, कारण दिल्लीच्या कोर्टात तिच्याविरुद्ध प्रकरण चालू होते. भारताचे म्हणणे असे की राहणे-जेवण धरले तर पगार कमी नव्हता, आणि आपल्याच अधिकाऱ्यांचा पगार अमेरिकन मापाने पुरणारा नाही. असेल. पण दाखवायचा कागद एक आणि पाळायचा दुसरा, हे आपल्याला नवे आहे का? सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरच्या पट्ट्यात दर हंगामात बीड-नगरकडून कोयते येतात. उचल किती दिली, मुकादमाने कापली किती, टनाला दर काय सांगितला आणि हातात काय पडले, हे कोणत्या कागदावर असते ते तुम्हीच आठवा. मला त्या भांडणातील दिल्लीची बाजू बऱ्याच अंशी पटते, पण मोलकरणीच्या पगाराचा प्रश्न अमेरिकनांना विचारण्याआधी आपण स्वतःला विचारला असता तर आपला आवाज आणखी खणखणीत लागला असता.

मित्रांत हे असे, तर वैऱ्यांत कसे असेल? पाकिस्तानशी आपले जे चालते ते कधी कधी अगदी वाड्यावस्तीवरच्या भांडणासारखे असते. एकमेकांच्या अधिकाऱ्यांना छळायचे नाही, असा दोन्ही देशांत १९९२ साली खास आचारसंहितेचा करार झालेला आहे. तरी मार्च २०१८ मध्ये पाकिस्तानने तक्रार केली की दिल्लीत त्यांच्या उपउच्चायुक्तांच्या घराची घंटा रात्री तीन वाजता कोणी तरी वाजवून पळते. भारताची तक्रार होती की इस्लामाबादेत आपल्या माणसांच्या घरीही हेच होते, शिवाय वीज-पाणी तोडले जाते. शेजाऱ्याचा पाट रात्री फोडून सकाळी साळसूद चेहऱ्याने उभे राहणारे महाभाग आपल्याकडेही आहेत, त्यामुळे मला याचे फार आश्चर्य वाटले नाही. महिनाअखेर दोघांनी १९९२ चाच करार पुन्हा पाळायचे ठरवले.

पुढे गोष्टी घंटीवर राहिल्या नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले उच्चायुक्त परत पाठवले आणि व्यापार थांबवला. आपला टोमॅटो, कापूस तिकडे जायचा तो बंद झाला. जून २०२० मध्ये दोन्ही वकिलातींतील माणसे निम्मी म्हणजे ५५ वर आली. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला निरपराध पर्यटक मारले गेले, त्यांत पुण्याचीही माणसे होती. दुसऱ्याच दिवशी भारताने त्यांच्या लष्करी सल्लागारांना आठवड्यात जायला सांगितले, माणसे ३० वर आणायला लावली, अटारीची चौकी बंद केली, सिंधू पाणी करार स्थगित केला. तिसऱ्या दिवशी त्यांनीही आकड्याला आकडा लावला.

यात सामान्य माणसाचे काय जाते, असे कोणी म्हणेल. कुलभूषण जाधव यांच्या आईचे काय गेले ते ऐका. जाधव हे आपल्या नौदलातील निवृत्त अधिकारी, मराठी माणूस. मार्च २०१६ मध्ये त्यांना हेर म्हणून बलुचिस्तानात पकडले असे पाकिस्तान सांगते. इराणमधून पळवून नेले असे भारत सांगतो. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने फाशीची शिक्षा जाहीर केली. परक्या देशात पकडलेल्या माणसाला आपल्या वकिलातीच्या अधिकाऱ्याला भेटण्याचा हक्क आहे, हे त्याच १९६३ च्या करारात लिहिलेले आहे. भारताने पुनःपुन्हा मागूनही ती भेट दिली गेली नाही. २५ डिसेंबर २०१७ रोजी त्यांची आई आणि पत्नी इस्लामाबादला गेल्या. मध्ये काच, बोलणे फोनमधून. परराष्ट्र खात्याने दुसऱ्या दिवशी सांगितले की भेटीआधी दोघींना कपडे बदलायला लावले, मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढायला लावली, पत्नीचे जोडे परत दिलेच नाहीत, आणि आई मराठीत बोलू लागली की तिला अडवले. सुरक्षेसाठी तपासणी केली, असे पाकिस्तानचे उत्तर होते. दीड वर्षाहून अधिक काळाने लेक समोर आहे, कदाचित पुन्हा दिसायचा नाही, आणि आईने त्याच्याशी घरातल्या भाषेत बोलायचे नाही! माय-भगिनींना यापुढे काही सांगण्याची गरज नाही.

भारताने हे प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेले. १७ जुलै २०१९ ला पंधरा विरुद्ध एक मताने निकाल लागला की पाकिस्तानने वकिलातीची भेट नाकारून करार मोडला आणि शिक्षेचा फेरविचार झाला पाहिजे. सप्टेंबर २०१९ मध्ये पहिल्यांदा आपला अधिकारी त्यांना भेटला. ते सुटलेले नाहीत, पण फाशीही झालेली नाही. कागदावरच्या एका कलमाने इतके साधले.

बारामती-इंदापूरच्या घरांना आज अधिक लागू पडते ते मात्र कॅनडाचे प्रकरण. ऊस आणि डाळिंब विकून, कर्ज काढून पोरांना बाहेर शिकायला पाठवणारी घरे आता वस्त्यांवरही आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी तिथल्या एका खलिस्तानवादी नेत्याच्या खुनाशी भारताच्या हस्तकांचा संबंध जोडला. भारताने तो आरोप फेटाळला. दोघांनी एकेक अधिकारी काढला. भारताने कॅनडावाल्यांचे व्हिसा २१ सप्टेंबरपासून थांबवले, मग सांगितले की आमची तुमच्याकडे जेवढी माणसे तेवढीच तुमची इथे राहतील. ऑक्टोबरात कॅनडाने ४१ अधिकारी परत नेले आणि मुंबई, चंदीगड, बंगळूर इथल्या वाणिज्य कचेऱ्यांतील समोरासमोरची कामे थांबवली. भांडण खलिस्तानवरून, आणि मुंबईची खिडकी बंद. ज्या पोराचा त्या भांडणाशी सुतराम संबंध नाही त्याची फाईल तुंबली, कारण फायली पाहणारी माणसेच विमानाने परत गेली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा सहा-सहा अधिकारी काढले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी नवे उच्चायुक्त नेमले. मधली दोन वर्षे ज्यांची गेली त्यांची गेली. गंमत अशी की या काळातही कॅनडाची मसूर आपल्याकडे येतच राहिली. पोट राजकारणापेक्षा शहाणे असते म्हणायचे.

तेव्हा ज्यांचे कोणी परदेशी आहे किंवा जाणार आहे त्यांनी एवढे करावे. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांच्या दोन-दोन प्रती घरात, ट्रंकेत ठेवाव्या. पोराकडे असलेल्या कागदाची प्रत आईबापाकडे नसते आणि नेमकी अडचणीच्या वेळी धावाधाव होते. तो ज्या शहरात आहे त्याला कोणती भारतीय वकिलात लागते, तिचा फोन नंबर दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवावा. परदेशात अडकलेल्यांच्या तक्रारींसाठी परराष्ट्र खात्याने २०१५ पासून 'मदद' नावाची सोय संगणकावर केली आहे. तालुक्याच्या गावी कोणत्याही सेवा केंद्रातला मुलगा ती उघडून देईल. आखाताकडे मजुरीला जाणाऱ्याने एजंटाने दाखवलेला करार आणि सही करायला दिलेला करार शेजारी शेजारी ठेवून आकडे जुळतात का ते शिकल्यासवरल्या माणसाकडून बघून घ्यावे, आणि एजंट सरकारी नोंदीतला आहे का हे मुंबईच्या प्रवासी संरक्षक कचेरीत विचारावे; १९८३ च्या कायद्याने ती कचेरी त्याचसाठी बसवली आहे. आणि जाणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य पाठ करून द्यावे. तिथल्या पोलिसांनी धरले, कारण काहीही असो, तर कुठल्याही न कळणाऱ्या कागदावर सही करण्याआधी म्हणायचे : मी भारतीय आहे, माझ्या वकिलातीला कळवा. ही विनवणी नव्हे, त्याचा हक्क आहे, आणि तो मागितल्याशिवाय बहुधा कोणी आपणहून देत नाही.